जांभळट राखाडी रंग निवडण्यापूर्वी : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

फिकट जांभळट राखाडी रंगाची मागणी आमच्याकडे नेहमी असते आणि नीट निवडला तर तो खोलीला शांतपणा देतो, हा आमचा अनुभव आहे. मात्र पहिला हात मारून झाल्यावर "आम्ही राखाडी सांगितला होता, हा तर जांभळा दिसतो" ही तक्रार या रंगाबाबत जितक्या वेळा ऐकावी लागते, तितकी दुसऱ्या कोणत्याही रंगाबाबत ऐकावी लागत नाही. अशा वेळी डब्यातला रंग बहुधा बरोबरच असतो. शेड कार्डावरचा बोटभर चौकोन किंवा मोबाइलवरचे चित्र पाहून घेतलेला निर्णय मात्र घाईचा असतो.

या रंगात जांभळी छटा अगदी थोडी असते, त्यामुळे तिला वर आणायचे की दाबायचे, हे प्रकाश ठरवतो. 2700 ते 3000 केल्विनच्या (केल्विन म्हणजे दिव्याच्या प्रकाशाची छटा सांगणारे माप) पिवळसर दिव्याखाली तीच भिंत उबदार, किंचित तपकिरी राखाडी वाटते, तर 6500 केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली निळसर जांभळी झाक उठून दिसते. फरशी, पडदे आणि खिडकीबाहेरची झाडे यांचा रंगही भिंतीवर परावर्तित होतो. एका घरात आमचा नमुना खिडकीशेजारी स्वच्छ राखाडी दिसत होता. तोच उचलून लाल फरशीच्या कोपऱ्यात टेकवला, तेव्हा त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर स्पष्ट गुलाबी छटा आली.

म्हणूनच आम्ही किमान दोन फूट लांब-रुंद फळीला पांढरा प्रायमर देऊन त्यावर निवडलेल्या शेडचे दोन हात मारतो आणि ती फळी आपल्या घरी दोन दिवस ठेवतो. जुन्या क्रीम किंवा पिवळ्या भिंतीच्या मधोमध पट्टा ओढून पाहू नये, कारण पिवळा हा जांभळ्याचा विरोधी रंग असल्याने त्याच्या शेजारी जांभळेपणा आहे त्याहून अधिक भासतो. फळी सकाळी, दुपारी आणि रात्री आपलेच दिवे लावून, प्रत्येक भिंतीपाशी उभी करून पाहावी. चारही भिंती एकमेकींवर रंग टाकत असल्याने पूर्ण खोलीत तो अधिक गडद वाटतो. दोन शेडमध्ये मन अडकले असेल, तर फिकट शेड घ्यावी.

हे दोन दिवस काही ग्राहकांना वाया गेल्यासारखे वाटतात, हे आम्ही जाणतो. परंतु मशीनवर तयार केलेली शेड दुकानदार सहसा परत घेत नाहीत, आणि नापसंत रंग झाकण्यासाठी पुन्हा दोन हात मारताना आपला खर्च व आमचे दिवस दोन्ही दुप्पट होतात. त्यामुळे फळी पाहून आपण होकार दिल्याशिवाय आम्ही रंग मागवत नाही.

छतासाठी निळसर पांढऱ्याऐवजी किंचित उबदार पांढरा घ्यावा. मध्यम तपकिरी लाकूड या रंगाशेजारी फार शोभते. काम सुरू करताना एका खोलीचे सर्व डबे आम्ही मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घेतो, म्हणजे डब्याडब्यांतील सूक्ष्म फरक भिंतीवर येत नाही. उरलेला रंग शेड क्रमांकाची चिठ्ठी लावून आपल्या घरी ठेवतो. पुढे भिंतीवर डाग पडल्यास तेवढाच ठिपका रंगवू नये, कारण या रंगात तो लगेच ओळखू येतो. आम्हाला कळवावे, ती भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत आम्ही एकसंध रंगवून देऊ.