एन-९५ आणि रबरी रेस्पिरेटर: कोणता धुवायचा, कोणता नाही

एन-९५ एकाहून जास्त वेळा घालता येतो म्हणून तो धुताही येतो, हा समज हॉस्पिटलात धोकादायक आहे. धुऊन वापरायचा मास्क वेगळा. तो सिलिकॉनचा किंवा रबराचा, नाक-तोंड झाकणारा आणि बदलता येणारे फिल्टर असलेला इलॅस्टोमेरिक रेस्पिरेटर.

एन-९५ मध्ये मास्क हाच फिल्टर असतो. आतल्या पॉलिप्रॉपिलिनच्या थरावर स्थिर विद्युतभार असतो आणि तंतू त्याच जोरावर सूक्ष्म कण ओढून धरतात. स्पिरिट लावलं किंवा साबणाने धुतलं की हा भार जातो. मास्क दिसायला तसाच राहतो, श्वासही मोकळा येतो, म्हणून बिघाड कळत नाही. स्पिरिटचा बोळा फिरवून ‘स्वच्छ’ केलेला एन-९५ मी तरी कुणाला घालू देणार नाही.

पुन्हा घालायचा एन-९५ ठेवायचा कागदी पिशवीत, वर नाव आणि तारीख लिहून. प्लॅस्टिकच्या पिशवीत श्वासाचा ओलावा कोंडतो, आणि एप्रनच्या खिशात मास्क चुरगळतो. कोविडच्या काळात, मास्कवरचा विषाणू मरावा म्हणून, आलटूनपालटून मास्क वापरून प्रत्येक मास्कला किमान ७२ तास विसावा द्या, असा सल्ला होता. उत्पादकाची सूचना नसेल तर एक मास्क ५ वेळांपेक्षा जास्त घालू नये, असं अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने सांगितलं होतं, कारण दरवेळी इलॅस्टिक आणि नाकावरची पट्टी सैल होत जाते. टीबी हवेतून पसरतो, वस्तूंच्या पृष्ठभागावरून नाही. त्यामुळे टीबी वॉर्डात विसाव्यापेक्षा मास्क चेहऱ्याला घट्ट बसतो की नाही हे जास्त महत्त्वाचं. मास्कवर दोन्ही हात ठेवून जोरात श्वास सोडा. नाकापाशी हवा निसटली आणि पट्टी दाबूनही थांबली नाही, तर तो मास्क संपला. रक्त उडालं, ओला झाला, फाटला, तरी तेच. आणि एकाचा मास्क दुसऱ्याने कधीच घालू नये.

रबरी रेस्पिरेटरचे फिल्टर आधी काढायचे, मग मुखवटा कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन, निर्जंतुक करून, खळबळून हवेवर वाळवायचा. फिल्टर पाण्यात बुडवायचे नाहीत. कडक आवरण असेल तर तेवढं पुसायचं. ठेवताना चेहऱ्याला टेकणारी कड दबू देऊ नका. ती वाकडी झाली की हवा आत शिरते. बऱ्याच मॉडेलना उच्छ्वासाचा व्हॉल्व्ह असतो, म्हणजे घालणाऱ्याचा श्वास न गाळताच बाहेर पडतो. ऑपरेशन थिएटरमध्ये हे चालणार नाही.

टाकताना गोंधळ आणखी वाढतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या कोविड सूचनांनुसार वापरलेले मास्क, एन-९५ सुद्धा, पिवळ्या पिशवीत. गॉगल आणि फेस शील्ड लाल पिशवीत. पिवळीतला कचरा मुख्यतः जाळला जातो, लालमधलं प्लॅस्टिक निर्जंतुक करून, तुकडे करून पुन्हा वापरात येतं. रबरी मुखवटा निकामी झाला तर तो आणि त्याचे फिल्टर कुठल्या पिशवीत टाकायचे, हे आपल्या हॉस्पिटलच्या इन्फेक्शन कंट्रोल कमिटीकडून लेखी घ्या.

एन-९५ काढताना पुढचा भाग धरू नका. आधी खालचा पट्टा, मग वरचा, आणि लगेच हात धुवायचे. पिशव्या उचलणाऱ्या मामा-मावशींनाही हे शिकवा आणि त्यांना चांगले मास्क व हातमोजे द्या.