मकाऊला पहिल्यांदा जाताय? आधी तिकीट काढू नका

दसरा झाला की आमच्या जळगावच्या नवीपेठेतल्या टूरच्या ऑफिसात रोज एक तरी माणूस येतो, खुर्चीवर टेकतो आणि मोबाइल पुढे सरकवतो. "भाऊ, तिकिटं काढून टाकली. स्वस्तात मिळाली. आता मकाऊचं बाकीचं तेवढं बघून द्या." चहा येईपर्यंत आम्ही तिकीट वाचतो, आणि बहुतेक वेळा चहा त्यांचा गार होतो. मकाऊ म्हणजे हाँगकाँगजवळचं कॅसिनोंचं शहर. तिथे निघालेल्या या मंडळींसाठी आणि त्यांच्यानंतर येणाऱ्यांसाठी हे पत्रक छापलं आहे.

आमच्याकडे मकाऊ विचारायला येणारे बरेच जण बियाणं, खतं, सिमेंट नाहीतर रंगाच्या कंपनीच्या डीलर टूरमधून एकदा बँकॉक-पट्टाया करून आलेले असतात. त्या टूरमध्ये गळ्यात ओळखपत्र घालायचं आणि झेंडेवाल्याच्या मागे चालायचं, एवढंच आपलं काम. कागदपत्रं कंपनीच्या माणसाने केलेली असतात, ती कधी केली, किती केली, हे आपल्याला दिसतच नाही. मग घरच्यांना घेऊन स्वतः जायची वेळ आली की वाटतं, तिकीट आणि हॉटेल झालं की संपलं.

मकाऊला भारतीय पासपोर्टवर ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, हे तुम्ही ऐकलंय ते बरोबर आहे. गोची वाटेत आहे. आपली माणसं मुंबईहून हाँगकाँगला उतरतात आणि तिथून बोटीने किंवा पुलावरून मकाऊला जातात. हाँगकाँगमध्ये पाऊल टाकायचं तर २३ जानेवारी २०१७ पासून भारतीयांना आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. तिला धंद्यात सगळे 'पीएआर' म्हणतात. ती फुकट आहे. फॉर्म भरला की उत्तर बहुधा लगेच येतं. मिळाली की सहा महिने चालते, त्यात कितीही वेळा ये-जा करा, दर खेपेला १४ दिवसांपर्यंत राहता येतं. म्हणजे हाँगकाँगहून मकाऊ आणि परत हाँगकाँग असं केलं तरी एकच नोंदणी पुरते. मात्र माणशी एक. कडेवरच्या बाळाचीसुद्धा वेगळी.

इतकं सोपं आहे तर अडतं कुठे? दोन ठिकाणी. नोंदणी नाकारली गेली तर कारण सांगत नाहीत. मग थेट हाँगकाँगच्या इमिग्रेशन खात्याकडे व्हिसासाठी अर्ज करायचा, त्याला चार-एक आठवडे धरा. तिकीट पंधरा दिवसांवरचं असलं तर ते गेलं. सगळ्यात स्वस्त तिकीट बहुधा पैसे परत न मिळणारं असतं, आणि "स्वस्तात मिळाली" म्हणून जी दाखवतात ती नेमकी तीच असतात.

दुसरं ठिकाण म्हणजे नाव. हे जरा सविस्तर सांगतो, कारण आमचा निम्मा वेळ यातच जातो.

आपल्याकडे नाव सांगायची रीत स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. पासपोर्टावर मात्र दोनच रकाने, आडनाव आणि दिलेलं नाव. कुणाच्या पासपोर्टात वडिलांचं नाव दुसऱ्या रकान्यात असतं, कुणाच्या नसतं. जुन्या पासपोर्टात आडनावाचा रकाना चक्क कोरा आणि तिन्ही नावं एका ओळीत, असंही सापडतं. ताईंचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचं. पाटील, चौधरी, महाजन यांची इंग्रजी स्पेलिंगं तर एका घरात दोन-दोन. फॉर्म भरणारा बहुधा पोरगा किंवा पुतण्या असतो. तो पासपोर्ट बघून भरत नाही, काकूंचं नाव आपल्याला माहीत आहे म्हणून भरतो.

अमळनेरकडचं एक कुटुंब, चौघं. तिकिटं ऑनलाइन काढलेली, पीएआर रात्रीच्या गाडीत मुंबईला जाता जाता मोबाइलवर भरलेला. घरातल्या ताईंच्या पासपोर्टात आडनावाचा रकाना कोरा. फॉर्ममध्ये मात्र भाऊंनी आडनाव घातलं, कारण आडनाव नसलेला माणूस असतो का? विमानतळाच्या काउंटरवर मुलीने पासपोर्ट आणि नोंदणीची चिठ्ठी शेजारी शेजारी धरली आणि मान हलवली. चेक-इन बंद व्हायला वीस मिनिटं. त्यांनी मला फोन लावला, मागे पोराच्या रडण्याचा आवाज, आणि भाऊ एकच म्हणत होते, "आते काय करानं?" नवीन फॉर्म मी इथून सांगत गेलो, ते भरत गेले, नोंदणी मंजूरही झाली. पण ती चिठ्ठी पांढऱ्या ए-फोर कागदावर छापून लागते. रात्री अकराला प्रिंटर शोधेस्तोवर काउंटर बंद. बाकी तिघांना विमान मोकळं होतं, पण आईला मुंबईत सोडून डिस्नेलँड कोण बघणार? दुसऱ्या दिवशी दुपारी चौघं जळगाव स्टेशनवर उतरले. चिवड्याचा डबा उघडलेलाही नव्हता.

आमचा नियम त्या आधीपासूनचा आहे, पण तेव्हापासून आम्ही तो कुणासाठी वाकवत नाही. आधी पासपोर्ट, मग पीएआर, चिठ्ठी हातात आली की मगच तिकीट. मूळ पासपोर्ट आम्ही समोर ठेवून घेतो आणि अक्षर न् अक्षर वाचतो. यावर काही जण नाराज होतात. "व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला की, पुन्हा भुसावळहून यायला लावता." फोटोत कडेचा आकडा कापला जातो, झिरो आणि ओ सारखे दिसतात. आणि पासपोर्टची मुदत सहा महिन्यांपेक्षा कमी उरलेली असेल तर ते आम्हाला तुमच्या देखतच सांगायला आवडतं. पासपोर्ट नवा झाला तर जुना पीएआर रद्दी, हेही तेव्हाच कळतं.

दुसरी नाराजी पैशांची. नोंदणी फुकट आहे तर तुम्ही कसले घेता? फॉर्म आम्ही भरून दिला तरच घेतो, आणि तेही भरायचे नाहीत, पासपोर्ट नीट बघायचे. २०१७ साली नियम नवा असताना आम्हीही एका जोडप्याचं तिकीट आधी काढलं होतं. नोंदणी नाकारली गेली आणि तिकिटाचे पैसे आमच्या गल्ल्यातून गेले. ती फी आम्ही भरलेली आहे. स्वतः भरायचं असेल तर खुशाल भरा, फक्त पासपोर्ट उघडा ठेवून भरा आणि रकाना तिथे कोरा असेल तर इथेही कोरा सोडा. घरबसल्या भरलेला फॉर्म तपासून हवा असेल तर आणून दाखवा, त्याचे काही घेत नाही.

स्वस्त हॉटेलवरून आणखी एक फसगत होते. मोबाइलवर मकाऊपासून दोन किलोमीटरवर, निम्म्या भावात हॉटेल दिसतं. नकाशात जवळ आहे, पण गाव झुहाई, म्हणजे चीनची हद्द. तिथे जायला चीनचा व्हिसा लागतो, पीएआर उपयोगाचा नाही. हाँगकाँगहून पूल ओलांडतानाही हेच ध्यानात ठेवा. हा पूल बोगद्यासकट ५५ किलोमीटरचा, २०१८ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. तिथून बस मकाऊलाही जाते आणि झुहाईलाही. पाटी वाचून रांगेत उभे राहा. बस चाळीस-एक मिनिटांत पोचवते, रात्रंदिवस चालते आणि बोटीपेक्षा बरीच स्वस्त पडते. बोटीला तासभर लागतो. ज्यांना एसटीच्या घाटात मळमळतं त्यांना आम्ही बसच देतो.

कधी जायचं? दिवाळीनंतर डिसेंबरपर्यंत हवा उत्तम. जुलै ते सप्टेंबर वादळांचे महिने. मोठा इशारा लागला की बोटी बंद होतात. २०१८ च्या सप्टेंबरात तर वादळामुळे तिथले सगळे कॅसिनोच बंद ठेवले होते. ऑक्टोबरचा पहिला आठवडा आणि चिनी नववर्ष टाळा, सगळा चीन सुट्टीवर असतो. शनिवारी रात्री त्याच खोलीचा भाव कुठल्या कुठे जातो. म्हणून आम्ही रविवार-सोमवारी मकाऊत पोचवतो आणि दोन रात्री ठेवतो. पहिल्या वेळेला दोन पुरतात, उरलेले दिवस हाँगकाँगला द्या. हॉटेलात खोली देताना डिपॉझिट म्हणून कार्डावर रक्कम अडकवतात. ती कापलेली नसते, पण सुटायला दिवस लागतात. त्या काळात "पैसे गेले" म्हणून आम्हाला रात्री फोन करू नका, सकाळी करा.

आता कॅसिनो. आत जायला तिकीट नाही, पण वय २१ पूर्ण हवं आणि पासपोर्ट मागतात. कॉलेजातला एकोणीस वर्षांचा मुलगा सोबत असेल तर तो बाहेरच. हॉटेलात बाकी सगळीकडे त्याला फिरता येतं. खेळाच्या जागेत फोटो काढायला मनाई आहे, आणि खिशातून मोबाइल बाहेर आला की सिक्युरिटीचा माणूस लगेच जवळ येतो. "तीन पत्ती असते का?" हा प्रश्न आम्हाला हमखास येतो. तिथे राज्य बॅकरॅट या पत्त्यांच्या खेळाचं. बँकर आणि प्लेअर या दोन बाजू, त्यांतली एक किंवा बरोबरी, यांवर पैसे लावायचे. बरोबरीला आठपट देतात म्हणून नवा माणूस तिकडेच ओढला जातो, आणि कॅसिनोचा सगळ्यात जास्त फायदा त्याच चौकोनात आहे, शेकडा चौदाच्या वर. बँकरवर तो एकाच्या आसपास असतो. टेबलावरची किमान रक्कम शेकड्यांपासून हजारांपर्यंत, तीही हाँगकाँग डॉलरमध्ये. त्या दिवसाचा डॉलरचा भाव धरून आधी मनात रुपयांत गुणाकार करा. आपल्या बँकांची कार्डं कॅसिनोच्या काउंटरवर चालतील असं धरून जाऊ नका. खेळायचं असेलच तर तेवढे पैसे घरातल्या बाईमाणसाकडे मोजून द्या आणि तिच्याकडून घ्या. ही युक्ती आमची नाही, चोपड्याच्या एका नानांची आहे.

न खेळताही दोन दिवस भरतात. व्हेनेशियन या कॅसिनो-हॉटेलच्या पोटात रंगवलेल्या आभाळाखाली कालवा आहे आणि त्यात होड्या चालतात. शेजारी आयफेल टॉवर अर्ध्या उंचीचा. बंदरावरून हॉटेलांच्या बस फुकट नेतात. पण जुनं गाव चुकवू नका. मकाऊ १९९९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होतं, एके काळी त्याचा कारभार गोव्यातून चालायचा, आणि गल्ल्यांमधून फिरताना पणजीची आठवण येते. सेंट पॉलचं चर्च १८३५ मध्ये जळालं. आता दगडी दर्शनी भिंत तेवढी उभी आहे, तिच्या मागे मोकळं आभाळ.

त्या भिंतीकडे चढणाऱ्या गल्लीत एक गंमत आहे, शाकाहारी मंडळींनी वाचाच. दोन्ही बाजूंना दुकानं, दारात मुली हातात कात्री घेऊन उभ्या. लालसर चकचकीत, पापडासारखी दिसणारी चादर कात्रीने कापतात आणि तुकडा हातावर ठेवतात, फुकट. आंबापोळी समजून तोंडात टाकू नका, ते मांस आहे, बहुधा डुकराचं. तिथल्या प्रसिद्ध टार्टमध्ये, म्हणजे वाटीसारख्या गोड पेस्ट्रीत, अंडं असतं. काही बदामाच्या बिस्किटांत चरबी घालतात, म्हणून डबा घेताना विचारा. आमच्या जैन आणि माळकरी ग्राहकांना आम्ही भारतीय जेवणाची ठिकाणं आधी फोन करून ठरवून देतो, लसूण-कांदा नको हेही सांगून. ठेचा, शेव, दशम्या तुम्ही नेणारच. ठेचा चेक-इनच्या बॅगेत.

तंबाखू-चुन्याची डबी आणि गुटखा मात्र घरी. हाँगकाँगमध्ये तोंडात ठेवायचा तंबाखू आणायलाच बंदी आहे. बिनकराच्या सिगारेटी माणशी १९, विसावी नाही. आणि सोनं. जळगावच्या माणसाला मकाऊची सोन्याची दुकानं दिसली की पाय थांबतात. बघा, भाव विचारा, पण वर्षाच्या आत परतणाऱ्याला दागिन्यांवर कस्टमची सूट नाही, हे आधी माहीत असू द्या. पटाका हे तिथलं चलन हाँगकाँगमध्ये कुणी घेत नाही. हाँगकाँग डॉलर मकाऊत सगळीकडे चालतो, म्हणून तोच न्या आणि सुट्ट्या पैशांत मिळालेले पटाका निघायच्या आत खर्चून टाका. प्लगचे तीन चौकोनी दात लागतात, पिन आमच्याकडे मिळते.

दिवाळीनंतरच्या आमच्या ग्रुपची यादी भाऊबीजेनंतर बंद होते. त्यात यायचं असो वा स्वतंत्र जायचं असो, ऑफिसात येताना घरातल्या प्रत्येकाचा मूळ पासपोर्ट आणा, जुना रद्द झालेला असेल तर तोही. ताईंचं लग्नाआधीचं नाव विचारावं लागेल, राग मानू नका. दुपारी दोन ते चार जेवणाची सुट्टी असते, पण पासपोर्ट घेऊन आलेल्याला आम्ही दारातून परत पाठवत नाही.