गोळी कुणी खाल्ली, जंतू कुणाच्या पोटात

बोलिव्हियाच्या आग्नेय भागात चाको नावाचा रुक्ष, काटेरी झुडपांचा प्रदेश आहे. तिथे ग्वारानी आदिवासींची अंगाइसितो ही छोटीशी, आडबाजूची वस्ती. बाहेरच्यांचं जाणंयेणं तुरळक आणि अँटिबायोटिक घेतल्याचा इतिहास जवळजवळ कुणाचाच नाही. म्हणूनच संशोधकांना ती हवी होती. औषधच पोहोचलेलं नाही, तर औषधाला न जुमानणारे जंतू तरी कुठून असणार?

अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. १०८ निरोगी माणसांच्या शौचाचे नमुने तपासले होते आणि त्यातल्या ६७ टक्के लोकांच्या आतड्यात किमान एका अँटिबायोटिकला दाद न देणारे ई-कोलाय जंतू होते. टेट्रासायक्लिन, अँपिसिलिन, को-ट्रायमॉक्सॅझोल, इतकंच काय, क्लोरॅम्फेनिकॉलसारखं जुनं औषधही अनेकांच्या जंतूंपुढे हरत होतं.

ई-कोलाय हा तसा आपल्या आतड्यातला कायमचा भाडेकरू. तो तिथे असणं म्हणजे आजार नव्हे. अंगाइसितोतली ही माणसं धडधाकट होती, आणि जगभरात अशा अभ्यासांत सापडणारी मुलंही बहुतेक हसतीखेळतीच असतात. प्रश्न येतो तो पुढे. हाच जंतू लघवीच्या मार्गात शिरला किंवा नवजात बाळाच्या रक्तात पोहोचला, की डॉक्टरांच्या हातातलं नेहमीचं औषध निकामी ठरतं. तोवर पोटातला हा साठा कुणाला कळतही नाही.

चाकोतली तपासणीची पद्धत मला फार आवडते, कारण तिला महागडं यंत्र लागत नाही. शौचाच्या नमुन्यात बुडवलेला कापसाचा बोळा जंतुवाढीच्या ताटलीवर फिरवायचा, त्यावर अँटिबायोटिक लावलेल्या कागदी चकत्या ठेवायच्या आणि रात्रभर ताटली उबेत ठेवायची. चकतीभोवती जंतू मेले तर स्वच्छ वर्तुळ दिसतं. त्या वर्तुळातही ठिपके उगवले, तर समजायचं की आतड्यात हट्टी मंडळी आहेत.

आता कोडं असं, की औषध न घेता ही मंडळी आली कुठून? एक उत्तर निसर्गातच आहे. अँटिबायोटिक माणसाच्याही आधीपासून मातीतले जंतू एकमेकांविरुद्ध बनवत आले आहेत, तेव्हा त्यांच्यावरचा तोडगाही तितकाच जुना असणार. कॅनडातल्या युकॉन भागात ३० हजार वर्षं गोठलेल्या मातीत असे प्रतिरोधाचे जनुक सापडले आहेत. व्हेनेझुएलातल्या यानोमामी आदिवासींच्या एका वस्तीचा बाहेरच्या जगाशी पहिला संपर्क २००९ साली आला. त्यांच्याही आतड्यांतल्या जंतूंमध्ये हे जनुक होते. पण यानोमामींचे ई-कोलाय प्रयोगशाळेत वाढवून पाहिले, तर ते औषधांनी मरत होते. जनुक होते, पण निजलेले. अंगाइसितोत मात्र ते पुरते जागे होते, आणि शिवाय जिथे अँटिबायोटिक भरपूर वापरली जातात तिथे सापडतात तेच होते. म्हणजे ते मातीतून उगवलेले नव्हते, बाहेरून आले होते.

हे जनुक बऱ्याचदा प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर असतात. परीक्षेच्या हॉलमध्ये कॉपीची चिठ्ठी फिरावी, तसं हे कडं एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातं, जात वेगळी असली तरी. एकाच कड्यावर चार-पाच औषधांचे तोडगे असू शकतात. त्यामुळे वापरातून गेलेल्या औषधाचा प्रतिरोधही टिकून राहतो. शेजारच्या तोडग्याची गरज असते, आणि त्याच्यासोबत हाही फुकटात जपला जातो.

हे कडं वाहून नेणारे जंतू प्रवास करतात माणसांबरोबर, कोंबड्यांबरोबर, पाण्याबरोबर. उत्तर इक्वेडोरच्या किनारपट्टीवरच्या २१ गावांत २००३ ते २००८ या काळात केलेल्या अभ्यासात हे नीट दिसलं. नव्या रस्त्याला लागून असलेल्या गावांत प्रतिरोधक ई-कोलाय जास्त होते, आणि नदीच्या वरच्या अंगाच्या, होडीनेच गाठता येणाऱ्या गावांत कमी. गावातल्या लोकांनी किती गोळ्या घेतल्या, एवढ्यावरून हा फरक समजत नव्हता. रस्त्याने धान्य येतं, दवाखाना जवळ येतो, आणि शौचातून तोंडात जाणारा जंतूही येतो. म्हणून रस्ते नकोत असं कुणी म्हणणार नाही. पण ‘कोर्स पूर्ण करा, मनाने गोळी घेऊ नका’ हा उपदेश कितीही खरा असला, तरी रांगत्या बाळाच्या पोटातला जंतू त्याने कमी होत नाही. अंगणातल्या मातीत हात घालून ते हात तोंडात नेणाऱ्या पोराने कुठला कोर्स अर्धवट सोडला होता?

चाकोची गोष्ट पुढे आणखी विचित्र होते. २०१६ मध्ये तिथल्याच ग्रामीण भागातल्या ३३७ निरोगी शाळकरी मुलांची तपासणी झाली. ३८.३ टक्के मुलांच्या आतड्यात ‘एमसीआर-१’ हा जनुक बाळगणारे जंतू निघाले. हा जनुक जंतूच्या बाहेरच्या आवरणाची रचना अशी बदलतो, की कोलिस्टिन त्याला नीट चिकटू शकत नाही. आणि कोलिस्टिन म्हणजे साध्या खोकल्या-तापाचं औषध नव्हे. मूत्रपिंडाला अपाय होतो म्हणून ते एकेकाळी बाजूला पडलं होतं, आणि बाकीची औषधं हरायला लागल्यावर अतिदक्षता विभागातला शेवटचा उपाय म्हणून परत आलं. खेड्यातल्या शाळकरी पोरांना ते कोण देणार?

पोरांना नाही, जनावरांना. हा जनुक जगासमोर आला तोच २०१५ च्या अखेरीस, चीनमधल्या डुकरांच्या तपासणीतून. वजन लवकर वाढावं म्हणून पशुखाद्यात कोलिस्टिन घालण्याची रीत अनेक देशांत होती. आपल्याकडच्या पोल्ट्रीतही ते वापरलं जाई. जुलै २०१९ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने खाण्यासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत, कोंबड्यांत, मत्स्यपालनात आणि पशुखाद्याच्या पूरकांत कोलिस्टिनला मनाई केली. माझ्या मते गेल्या काही वर्षांतल्या आरोग्यविषयक निर्णयांत याची जितकी चर्चा व्हायला हवी होती, तितकी झाली नाही.

अशी बंदी नुसती कागदावर राहत नाही, याचा पुरावा चीनकडेच आहे. तिथे २०१७ पासून वजनवाढीसाठी खाद्यात कोलिस्टिन घालणं थांबलं. ग्वांगझू शहरातल्या माणसांमध्ये एमसीआर-१ बाळगणाऱ्यांचं प्रमाण २०१६ मध्ये सुमारे १४ टक्के होतं, ते २०१९ मध्ये सुमारे ६ टक्क्यांवर आलं. आणि हे घडलं त्याच काळात, जेव्हा चीनमधल्या रुग्णालयांत माणसांवर कोलिस्टिनचा वापर नुकता सुरू झाला होता.