स्पर्श कळणं आणि दोन टोकं वेगळी ओळखणं: नस शिवल्यानंतरच्या दोन चाचण्या

मनगटाशी कापलेली मिडियन नस (अंगठा, तर्जनी, मधल्या बोटाला जाणीव देणारी) शिवल्यावर काही महिन्यांनी तर्जनीला नायलॉनचा बारीक तंतू टेकवला तर तो कळतो, पण शेजारी-शेजारी टेकवलेली दोन टोकं एकच वाटतात. दोन्ही निकाल बरोबर असतात, कारण दोन चाचण्या वेगळ्या गोष्टी मोजतात.

मोनोफिलामेंट (नायलॉनच्या तंतूची) चाचणी किती हलका दाब जाणवतो ते सांगते. तंतू त्वचेवर काटकोनात टेकवून वाकेपर्यंत दाबायचा. दीड सेकंदात खाली, दीड सेकंद धरायचा, दीड सेकंदात वर. वाकल्यावर दाब फारसा वाढत नाही, म्हणून तपासणाऱ्याचा हात जड असला तरी निकाल फार बिघडत नाही. २.८३ क्रमांकाचा तंतू (सुमारे ०.०७ ग्रॅम) कळला तर बोटाची जाणीव नॉर्मल. थेट ४.३१ (सुमारे २ ग्रॅम) लागला तर संरक्षक जाणीवही कमी आहे; भाजणं, कापणं जपायला हवं.

यासाठी नसेतले थोडे तंतू परत आले तरी पुरतात. दोन टोकं वेगळी कळायला मात्र बोटाच्या टोकाशी नसेचे पुरेसे तंतू दाटीनं पोचावे लागतात आणि मेंदूला त्यांचे नवे संदेश उलगडावे लागतात. म्हणून ही जाणीव उशिरा येते. प्रौढांमध्ये बऱ्याचदा पूर्ववत होतच नाही. नस नुसती दबली असेल (कार्पल टनेल) तर उलट घडतं: सुरुवातीला मोनोफिलामेंट चाचणी बिघडते, दोन टोकं नीट कळत राहतात.

चुका जास्त होतात त्या दोन टोकांच्या चाचणीतच. हात टेबलावर स्थिर टेकवा, डोळे झाका. टोकं बोटाच्या लांबीच्या रेषेत ठेवा; आडवी ठेवली तर दोन बाजूंच्या दोन वेगळ्या नसा तपासल्या जातात. टोकांमधलं अंतर ५ मिमीपासून सुरू करून कधी एक, कधी दोन टोकं टेकवा. १० पैकी ७ उत्तरं बरोबर हवीत. त्वचा पांढरी पडू लागते तेवढाच दाब पुरे. एक टोक क्षणभर आधी टेकलं तर पेशंट त्या वेळेच्या फरकावरूनच ‘दोन’ म्हणतो, आणि निकाल खोटा चांगला दिसतो. टोकं वेगळी कळणारं सर्वात कमी अंतर ६ मिमीच्या आत असेल तर नॉर्मल, ६ ते १० मध्यम, ११ ते १५ कमी. त्यापुढे ताणत बसू नये.

तंतू कळतो पण १५ मिमीलाही टोकं वेगळी वाटत नाहीत, अशा बोटाला ‘बरं झालं’ म्हणून सोडू नका. स्पर्श ओळखण्याचा सराव, आधी बघून आणि मग डोळे मिटून, याच टप्प्यावर सुरू करावा.