जास्वंदीचं पाणी आणि केसावरचा विद्युतभार

‘पार्लरमध्ये जळालेले केस सात दिवसांत मुळापासून दुरुस्त!’ अशा मथळ्याच्या रील्स सारख्या समोर येतात. जास्वंदीची पानं, मेथी, कोरफड, आवळा एकत्र उकळायचं, वर लिंबू पिळायचं, गाळायचं आणि शॅम्पूनंतर ते पाणी केसांवरून ओतायचं. खाली मुलींचे प्रश्न असतात: स्मूदनिंगनंतर केस राठ झालेत, चालेल का? ग्लोबल कलर केलाय, फाटे फुटलेत, चालेल का? या प्रश्नांना थोडं सविस्तर उत्तर द्यायला हवं. त्या पाण्यात एक फार सुंदर रसायनशास्त्र आहे, पण रीलमध्ये जे सांगतात त्याच्याशी त्याचा संबंध नाही.

आधी एक गोष्ट पक्की करू. टाळूच्या बाहेर आलेला केस मेलेला असतो. जिवंत असतं ते आतलं मूळ. तिथे पेशी वाढतात, केराटिन नावाच्या प्रथिनाने भरतात आणि मरतात. त्यांचाच धागा बाहेर ढकलला जातो. त्यात रक्त नाही, चेतातंतू नाहीत. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे कमरेपर्यंत पोचलेल्या शेपट्याचं टोक सहा-सात वर्षांपूर्वी डोक्याबाहेर आलेलं असतं. तेवढ्या वर्षांचं ऊन, कंगवे, इस्त्री, रंग त्याने सोसलेले असतात आणि ती झीज भरून काढणारी एकही पेशी त्याच्यापाशी नसते. तेव्हा बाहेरून ओतलेलं कोणतंही पाणी केसाचं ‘पोषण’ करत नाही. अमावस्येला न्हाऊ नये, अमुक वारी केस कापले तर वाढ खुंटते, या समजुतीही इथेच निकालात निघतात. कापलेल्या टोकाची बातमी मुळापर्यंत पोचायला वाटच नाही.

मग जास्वंदीच्या पाण्याने केस मऊ लागतात, तो भास आहे का? नाही. केस खरंच मऊ लागतात, कारण त्यांचा पृष्ठभाग बदललेला असतो.

गळलेला एक लांब केस घ्या. मुळाकडचं टोक एका हातात धरा आणि दुसऱ्या हाताची चिमूट त्यावरून शेवटापर्यंत सरकवत न्या. मग उलट, शेवटाकडून मुळाकडे. पहिल्या वेळी चिमूट अलगद जाते, दुसऱ्या वेळी अडखळते, बोटांना बारीक खरखर जाणवते. केसावर कौलांसारखे एकमेकांवर चढलेले पापुद्रे असतात आणि त्यांच्या मोकळ्या कडा शेवटाकडे तोंड करून असतात. एकेक पापुद्रा जेमतेम अर्धा मायक्रॉन जाड, म्हणजे मिलिमीटरचा दोन हजारावा भाग, आणि असे पाच-दहा थर. ते नीट बसलेले असले की केस चमकतो, कारण प्रकाश एका दिशेने परततो. कडा उचलल्या, मोडल्या की केस निस्तेज दिसतो आणि शेजारच्या केसात अडकून गुंता होतो. शेवटाशी पापुद्रे पार झडले की आतला गाभा उसवतो. तेच फाटे.

सगळ्यात वरच्या पापुद्र्यावर आणखी एक अतिशय पातळ थर असतो, १८-मिथाइल आयकोसॅनॉइक आम्ल नावाच्या मेदाम्लाचा. हे तेल नुसतं फासलेलं नसतं, गंधकाच्या बंधाने प्रथिनाला जोडलेलं असतं. शॅम्पूने ते सहजी जात नाही, पण ब्लीचने जातं. एकदा गेलं की त्या जागी पुन्हा येत नाही, आणि एरवी पाणी झटकणारा केस पाणी शोषू लागतो. जुलै-ऑगस्टच्या मुंबईत, जिथे हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, अशा केसांचं काय होतं ते लोकलच्या लेडीज डब्यात रोज दिसतं. केस दमटपणाला इतका इमानाने प्रतिसाद देतो, की जिनिव्हाच्या ओरास द सोश्यूर या शास्त्रज्ञाने १७८३ मध्ये माणसाच्या केसावर चालणारा आर्द्रतामापक जगासमोर मांडला होता.

आता माझ्या आवडत्या भागाकडे येते. केराटिनमध्ये विद्युतभार घेणारी दोन प्रकारची अमिनो आम्लं असतात. ग्लुटामिक आणि अ‍ॅस्पार्टिक आम्लांवर कार्बॉक्सिल गट असतो. तो हायड्रोजन आयन सोडून ऋण भारित होतो. लायसिन आणि आर्जिनिन हायड्रोजन आयन पकडून धन भारित होतात. कोण किती सोडणार आणि कोण किती पकडणार हे पाण्याच्या सामूवर (pH) ठरतं. सामू सात म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी. साधारण ३.६७ या सामूला केसाच्या पृष्ठभागावरचे दोन्ही भार फिटंफाट होतात. याला समविद्युत बिंदू म्हणतात. सामू त्याच्या वर गेला की पृष्ठभाग ऋण होत जातो. म्हणजे नळाच्या सातच्या आसपास सामू असलेल्या पाण्यात आपले सगळे केस ऋण भारित असतात आणि एकमेकांना दूर ढकलतात. अंगाच्या साबणाचा सामू नऊ-दहा. त्यात हा भार आणखी वाढतो, केस फुगतो, पापुद्र्यांच्या कडा वर येतात. साबणाने केस धुतल्यावर कंगवा का चालत नाही, याचं मोठं कारण हे.

यात आम्ल घातलं की उलट प्रवास सुरू होतो. कार्बॉक्सिल गटांना हायड्रोजन आयन परत मिळतात, ऋण भार उतरतो, फुगलेला केस आक्रसतो, कडा बसतात. किती आम्ल लागतं? एक लिटर पाण्यात मोठा चमचाभर साधं चार-पाच टक्क्यांचं व्हिनेगर घातलं, तर अ‍ॅसिटिक आम्लाची तीव्रता लिटरला सुमारे ०.०१२ मोल होते आणि सामू गणिताने ३.३ च्या आसपास येतो. नळाच्या पाण्यातले बायकार्बोनेट थोडं आम्ल खातात, म्हणून प्रत्यक्षात तो जरा वर सरकतो, जवळजवळ समविद्युत बिंदूपाशीच. आजीचा लिंबू पिळलेला शेवटचा तांब्या हेच करत होता. शिकेकाईचं पाणीही किंचित आम्लधर्मी असतं. फक्त शिकेकाई आणि रिठा यांच्यातलं सॅपोनिन मळ काढतं, त्यामुळे ती धुण्याची द्रव्यं झाली, धुतल्यानंतर ओतायची नव्हेत.

पाणी कोणतं आहे यानेही फरक पडतो. तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी या सात तलावांतून मुंबईत येणारं पाणी पावसाचं, बेसाल्टच्या खडकावरून वाहून आलेलं, म्हणून बऱ्यापैकी सुफेन, म्हणजे साबणाचा फेस सहज येणारं आहे. पण मे महिन्यात सोसायटीत टँकर आला किंवा बोअरचं पाणी टाकीत मिसळलं, की त्यातलं दोन धन भारांचं कॅल्शियम केसावरच्या ऋण जागा पटकावून बसतं. त्यात साबण असेल तर चिकट साका तयार होतो. आम्लाचं पाणी ते कॅल्शियम सोडवतं. अशा वेळी केसांत पडलेला फरक हाताला लगेच कळतो, आणि श्रेय मात्र पानांना जातं.

इथवर रीलवाल्यांच्या बाजूचं झालं. आता ब्लीच केलेल्या केसाकडे पाहू, कारण ‘डॅमेज’ म्हणतात ते बहुतेकदा तेच असतं. केराटिनच्या साखळ्या गंधक-गंधक बंधांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. ब्लीचमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड हे बंध तोडतं आणि त्यातून सिस्टेइक आम्ल तयार होतं, ज्याच्यावर सल्फोनेट गट असतो. हा गट इतका तीव्र आम्लधर्मी, की लिंबाच्या पाण्यातही हायड्रोजन आयन परत घेत नाही. सामू ३.५ असो वा ७, त्याचा ऋण भार कायम. म्हणजे जो केस सर्वांत जास्त बिघडला आहे, नेमका तिथेच आम्लाचा उपाय अपुरा पडतो. तिथे धन भार असलेला रेणूच लागतो. बाजारातल्या कंडिशनरमध्ये बेहेनट्रायमोनियम क्लोराइडसारखे रेणू असतात: डोक्यावर कायमचा धन भार, मागे लांब मेदाची शेपटी. डोकं सल्फोनेटला चिकटतं, शेपटी बाहेर राहते आणि गेलेल्या मेदथराची जागा काही काळ भरते. जिथे ऋण भार जास्त तिथे ते जास्त बसतात, म्हणजे बिघडलेल्या टोकांना आपोआप जास्त आणि मुळांशी कमी. मला ही रचना दर वेळी थक्क करते.

स्वयंपाकघरातल्या वनस्पतींत असा रेणू सापडत नाही. जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीत चीक म्हणजे लांब शर्करासाखळ्या, आणि त्यांच्यावरही आम्लगट असल्याने त्या स्वतःच ऋण असतात. मेथीतला गॅलॅक्टोमॅनन उदासीन. कोरफडीचा गरही मुख्यतः पाणी आणि उदासीन साखळ्या. यांचा पातळ थर केसावर वाळतो, दोन केसांमधलं घर्षण कमी करतो, ओले केस विंचरणं सोपं होतं. हा फायदा छोटा नाही, कारण ओला केस फुगलेला, कमजोर असतो आणि सर्वाधिक मोडतोड तेव्हाच होते. पण हा थर नुसता टेकलेला असतो, पुढच्या धुण्यात जातो. उद्योगाने यावर काय केलं पाहा: मेथीसारखाच गॅलॅक्टोमॅनन गवारीच्या बियांत असतो. त्याला रासायनिक प्रक्रियेने धन भार जोडतात आणि तो शॅम्पूत घालतात. जगातली बहुतांश गवार भारतात, त्यातही राजस्थानात पिकते. तुमच्या बाथरूममधल्या बाटलीवर घटकांच्या यादीत ‘ग्वार हायड्रॉक्सीप्रोपिलट्रायमोनियम क्लोराइड’ असं भीतिदायक नाव दिसलं तर ते गवारीचंच. ‘हर्बल’ आणि ‘केमिकल’ अशी भिंत उभी करणाऱ्यांनी हे नाव कोणत्या बाजूला ठेवायचं ते सांगावं.

आवळ्याबद्दल मात्र सावध राहा. त्यातले टॅनिन प्रथिनांना चिकटतात आणि कोरड्या केसांना ताठ, खरखरीत करतात. लोखंडी कढईत रात्रभर भिजवल्यावर पाणी काळं होतं ते टॅनिन आणि लोहाच्या संयुगामुळे. त्याने केस गडद दिसतात, मऊ होत नाहीत. राठ केसांसाठीच्या पाण्यातून आवळा मी काढूनच टाकेन.

करायचंच असेल तर मेथीचा छोटा चमचा कपभर पाण्यात रात्री भिजवा, किंवा जास्वंदीची आठ-दहा पानं पाण्यात चुरगाळा, आणि पंच्याच्या दुहेरी घडीतून गाळा. दादरच्या काष्ठौषधीच्या दुकानातली भुकटी वापरलीत तर गाळणं आणखी महत्त्वाचं. तिचे कण पापुद्र्यांवर घासले जातात. त्याच दिवशी संपवा. आपल्या हवेत हे पाणी दुसऱ्या दिवशी आंबतं, आणि आंबलेलं पाणी टाळूवर घेण्यासारखं नसतं. लिंबू वापरलं तर कपाळ आणि मान नीट धुऊन मगच उन्हात निघा. लिंबातल्या फ्युरोकुमरिनमुळे उन्हात त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. टाळूवर खरचटलं असेल तर आम्लाचं पाणी नकोच. स्मूदनिंग किंवा ब्लीच झालेल्या केसांना यानंतरही टोकांपुरता साधा कंडिशनर लावावा. दोन्हींत भांडण नाही.

आणि धुण्याआधी खोबरेल तेल. २००३ मध्ये मुंबईच्याच मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना प्रसिद्ध केली. धुताना केसातून निघून जाणारं प्रथिन फक्त खोबरेलने लक्षणीय कमी झालं. कंपनी खोबरेल विकते हे लक्षात ठेवूनच ते वाचावं, पण कारण पटण्याजोगं आहे: खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं, त्यामुळे हे तेल केसाच्या आत शिरतं, तर खनिज तेल वरच राहतं. फुटलेले फाटे मात्र यातलं काहीच जोडत नाही. ते फाट्याच्या बोटभर वरून कापावे लागतात, आणि त्यासाठी कोणताही वार चालतो.