मागून पाहा ना भाऊ: टँक वेगळा, बीएमपी वेगळी

सैन्याच्या गाड्या आणि जुन्या मोटरसायकली असा दिवसभराचा कार्यक्रम नागपुरात कुठं असला की मी जातोच, आणि दरवेळी एकच गोष्ट डोक्यात जाते. जो माणूस जावा पाहिल्याबरोबर पोराला सांगतो की हिची किक आणि गिअर एकाच दांडीवर आहे, जो बुलेटचा गिअर उजव्या पायाला आहे हे लांबून ओळखतो, तोच माणूस पन्नास पावलं पुढं जाऊन बीएमपीसमोर, म्हणजे पायदळाच्या जवानांना लढाईत घेऊन जाणाऱ्या चिलखती गाडीसमोर, उभा राहतो आणि म्हणतो, "हे पाय, टँक!" आणि हे कुठं, तर नागपुरात, जिथून कामठी हाकेच्या अंतरावर आहे, आणि कामठीत गार्ड्सचं (ब्रिगेड ऑफ द गार्ड्स, सैन्यातली पायदळाची रेजिमेंट) रेजिमेंटल सेंटर आहे, ज्यांच्या कितीतरी बटालियन बीएमपीवरच लढतात. निदान आपल्याकडच्या लोकांनी तरी हा घोळ करू नये असं मला मनापासून वाटते.

टँक सगळ्यांना माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही. टी-72 घ्या, म्हणजे आपला अजेय. 125 मिमीची तोफ, 41 टनांच्या वर वजन, आत फक्त तिघं, कारण गोळा भरायचं काम मशीन करते. अर्जुनमध्ये चौघं आणि तोफ 120 मिमीची, बाकी कल्पना तीच. झालं.

आता बीएमपी-2, जी आपल्याकडं सारथ नावानं तेलंगणातल्या मेडकच्या कारखान्यात बनते. लोक काय पाहतात तर चेन, टरेट (वरचा फिरणारा घुमट), नळी आणि हिरवा रंग, आणि हे चारही तिच्यात आहे, म्हणून टँक. थोडं जास्त वाचलेले लोक म्हणतात "छोटा टँक" आहे, आणि ते तर मला जास्त खटकते, कारण छोटा टँक ही खरोखर वेगळी गोष्ट असते. 1971 मध्ये गरीबपूरच्या लढाईत आपले पीटी-76 होते ना, ते साधारण 14 टनांचे, पाण्यावर तरंगणारे, पातळ पत्र्याचे, म्हणजे वजनानं बीएमपीच्या बरोबरीचेच, तरी तो टँकच, कारण आत तिघं आणि तिघांचंही काम ती गाडी चालवणं आणि तोफ डागणं एवढंच. म्हणजे आकार, वजन, नळीची जाडी यावर काहीच ठरत नाही, गाडीत कोण बसते आणि कशासाठी बसते यावर ठरते.

म्हणून समोरून फोटो काढणं सोडा आणि आधी मागं जा. बीएमपीच्या मागं दोन दारं असतात, शेजारी-शेजारी, बाहेर उघडणारी आणि चांगली जाडजूड. जाड काहून, तर ती दारं स्वतःच डिझेलच्या टाक्या आहेत. जवान दार उघडून दाखवत असतील तर वाकून आत पाहा, मधोमध गाडीच्या लांबीनं जाणारी भिंत दिसते, तीही डिझेलची टाकीच, आणि तिला पाठ टेकून दोन्ही बाजूंना तीन-तीन जवान बाहेरच्या दिशेला तोंड करून बसतात, सातवा पुढं ड्रायव्हरच्या मागं. प्रत्येकाच्या समोर बघायला छोटा पेरिस्कोप आणि बाजूच्या पत्र्यात रायफलची नळी बाहेर काढायला झाकणाचं भोक. उंची इतकी कमी की सहा फुटी माणसाला मान खाली घालूनच बसावं लागते. ही गाडी या सात जणांसाठी बनली आहे. तिचे स्वतःचे तिघं वेगळे, ते गाडीतच राहतात, आणि हे सात उतरून पायी लढतात.

मागं माणसं उतरायची म्हणून इंजिन पुढं घ्यावं लागलं, ड्रायव्हरच्या उजवीकडं. टी-72 चं इंजिन मागं आहे, म्हणून त्याच्या मागून कोणी उतरूच शकत नाही, तिथं तुम्हाला दार नाही तर चिखलात फसल्यावर कामी येणारा लाकडाचा ओंडका बांधलेला दिसतो. बाकी सगळे फरक यातूनच निघतात. बीएमपीची तोफ 30 मिमीची, धडाधड गोळ्या सोडणारी, आणि ती 74 अंशांपर्यंत वर जाते, म्हणजे टेकडीवर बसलेला शत्रू किंवा कमी उंचीवरून उडणारं हेलिकॉप्टर, दोन्ही टप्प्यात, टँकची नळी एवढी वर जातच नाही. समोर टँक आलाच तर टरेटवर कोंकुर्स क्षेपणास्त्र असते. पण बाजूचा पत्रा रायफलची गोळी अडवेल, टँकचा गोळा अजिबात नाही, म्हणून टँकसमोर छाती काढून उभं राहायचं हिचं काम नाही. आणि हलकी असल्यामुळं नदी आली की तरंगून पलीकडं जाते, पाण्यातही चेनच फिरत राहते. टी-72 ला नदी पार करायची तर हवेसाठी नळकांडं लावून नदीच्या तळावरून चालत जावं लागते.

आता कोणी हुशार लगेच इस्रायलच्या मर्कावा टँकचं नाव काढेल, की त्याचंही इंजिन पुढं आहे आणि मागं दार आहे. आहे, मान्य. पण तो बनला आहे भारी चिलखत आणि मोठ्या तोफेभोवती, मागचं दार मुख्यतः गोळे भरायला आणि क्रूला निसटायला, दारूगोळा काढला तरच तिथं थोडी माणसं मावतात. तो टँकच.

बाकी किरकोळ. चाकं मोजू नका, टी-72 ची एका बाजूला सहा आणि बीएमपीचीही सहाच. वज्र दिसली तर ती 155 मिमीची तोफ आहे चेनवर बसवलेली, लांबून गोळे टाकणारी, टँक नाही. आणि जावा-येझदीवर तासभर वाद घालणाऱ्यांनो, दोन्ही म्हैसूरच्या एकाच कारखान्यातून निघाल्या, पुढं नाव बदललं, त्यात एवढं भांडण्यासारखं काही नाही.

एक विनंती मात्र करतो. पोट्ट्यांना नळीला लटकवून फोटो काढू नका, ती झोपाळा नाही, आणि बाजूला उभ्या असलेल्या जवानाला "कितीची आहे ही गाडी?" हे विचारू नका. त्याला विचारा की दारं उघडल्यावर सातजण कोणत्या क्रमानं उतरतात, कोण डावीकडं जाते, कोण उजवीकडं, आणि गाडी तेव्हा थांबते की चालत राहते. गार्ड्सवाला असला तर तो तुम्हाला मैदानावर उतरवूनच दाखवेल.