फॉइल बोर्डचे स्क्रू आणि समुद्राचं मीठ

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधल्या शिडांच्या शर्यती मार्सेयच्या समुद्रात झाल्या. त्यातल्या आयक्यूफॉइल (बोर्डावर शीड) आणि फॉर्म्युला काइट (बोर्ड ओढायला पतंग) या दोन प्रकारांत खेळाडूंचे बोर्ड पाण्याला टेकतच नव्हते. बोर्डाखाली एक उभी दांडी असते, तिला मास्ट म्हणतात. तिच्या तळाशी आडवी दांडी, म्हणजे फ्युझलाज, त्याला पुढे मोठा पंख आणि मागे तोल सांभाळणारा लहान पंख, म्हणजे स्टॅबिलायझर. या सगळ्याला मिळून फॉइल म्हणतात. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असल्यामुळे एवढासा पंखही पुरेसा वेग आला की माणसासकट बोर्ड वर उचलतो. गोव्यात मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यांवर काइटसर्फिंग रुजलं आहे, तेव्हा हा विषय आपल्यालाही अगदीच परका नाही.

हे सगळं एकत्र राहतं ते दहा-बारा स्क्रूंवर. बोर्डाच्या तळाला एकमेकांपासून ९० मिलिमीटरवर दोन समांतर खाचा असतात, त्यांना ट्रॅक म्हणतात. खाचांत टी आकाराचे नट, म्हणजे टी-नट, सरकवायचे आणि मास्टच्या वरच्या टोकाची पट्टी चार एम-८ (म्हणजे ८ मिलिमीटर जाडीच्या) स्क्रूंनी त्यांवर आवळायची, ही सर्वांत रुळलेली पद्धत. खाली पंखांना एम-६ किंवा एम-८ चे दोन-तीन स्क्रू. यातला एखादा हरवला किंवा त्याच्या डोक्यातली चावीची खाच झिजली की बहुतेक जण हार्डवेअरच्या दुकानात जाऊन ‘असाच द्या’ म्हणतात. दिसायला तसाच स्क्रू मिळतोही. पण डोळ्यांना जे दिसतं त्यापलीकडच्या तीन-चार गोष्टींवर त्या स्क्रूचं, आणि त्याहून महाग असलेल्या मास्टचं, आयुष्य ठरतं.

आधी भाराचा हिशोब करू, म्हणजे एक गैरसमज दूर होईल. मास्ट ८५ सेंटीमीटर लांब आहे आणि वळताना तिच्या खालच्या टोकावर ४० किलोचा आडवा जोर आला असं धरा. तरफेच्या नियमाने वरच्या ९ सेंटीमीटर अंतरावर तो नऊ पटींहून जास्त होतो. म्हणजे एका बाजूच्या दोन स्क्रूंवर मिळून सुमारे ३८० किलो, एकेकावर १९० किलो. ऐकायला भरपूर वाटतं. पण चांगल्या स्टेनलेसचा एम-८ स्क्रू सरळ ओढून तोडायला अडीच टनांहून जास्त ओढ लागते. नुसत्या भाराने तो तुटणं अवघड आहे.

तरीही स्क्रू तुटतात, आणि त्याचं मोठं कारण ढिलेपणा. आवळताना स्क्रू किंचित ताणला जातो आणि रबरासारखा आखडू पाहत दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. हा दाब बाहेरच्या ओढीपेक्षा जास्त असेपर्यंत सांधा हलत नाही आणि स्क्रूला बाहेरच्या चढउताराचा फारसा पत्ताही लागत नाही. दाब कमी पडला की प्रत्येक लाटेला पट्टी केसभर उघडते आणि मिटते. मग तोच १९० किलोचा भार हजारो वेळा पडतो-उठतो, डोक्याखालच्या कोपऱ्यात बारीक चीर जाते आणि ती वाढत राहते. आडव्या हादऱ्यांनी आवळलेला बोल्ट आपोआप कसा सुटत जातो हे जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये प्रयोगाने दाखवलं होतं. फॉइलला अगदी तसेच आडवे हादरे बसतात. म्हणून पाण्यात उतरण्याआधी आणि पहिल्या अर्ध्या तासानंतर पाना पुन्हा लावून बघणं ही सवय कुठल्याही महागड्या स्क्रूपेक्षा जास्त कामाची आहे, असं माझं ठाम मत आहे.

किती आवळायचं? स्क्रू फिरवण्यात घातलेल्या जोरातला जेमतेम दहावा हिस्सा दाबात उतरतो. बाकीचा डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. कोरड्या एम-८ स्क्रूला ८ न्यूटन-मीटर दिले तर साधारण ५०० किलोचा दाब मिळतो. आट्यांना वंगण लावून तितकाच जोर दिला तर तो ७०० किलोच्या जवळ जातो. म्हणजे वंगण लावलेला स्क्रू कोरड्याइतका पिळायचा नसतो. कंपनीने टॉर्कचा, म्हणजे पिळण्याच्या जोराचा, आकडा दिला असेल तर तो कोरड्या आट्यांसाठी आहे की वंगण लावलेल्या, हे वाचून घ्यावं. आकडा नसेल तर लहान दांड्याच्या पान्याने मनगटाच्या जोरावर आवळावं. पाइप जोडून लांब केलेला पाना इथे नकोच, कारण स्क्रू तुटण्याआधी नटाचे किंवा ॲल्युमिनियमचे आटे जातात.

आता मीठ. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांत क्लोराइड सर्वांत जास्त. स्टेनलेस पोलाद गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. हवेतला ऑक्सिजन मिळाला की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा तयार होतो, ओरखडा आला तरी लगेच पुन्हा धरतो. क्लोराइड याच पापुद्र्याला भोकं पाडतं. स्वयंपाकघरात चालणाऱ्या ३०४ प्रतीच्या स्टेनलेसवर समुद्राकाठी तांबूस डाग येतात ते यामुळे. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि ते हे भोक वाढू देत नाही. स्क्रूच्या भाषेत ३०४ म्हणजे ए-२ आणि ३१६ म्हणजे ए-४. चांगल्या स्क्रूच्या डोक्यावर ‘ए४-७०’ किंवा ‘ए४-८०’ असं कोरलेलं असतं. शेवटचा आकडा ताकदीचा: ७० म्हणजे ७०० मेगापास्कल.

मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर स्क्रू घ्यायला गेलात तर ‘एसएस ३१६, सीएसके ॲलन, एम-८’ एवढं सांगितलं की दुकानदाराला कळतं. एसएस म्हणजे स्टेनलेस, सीएसके म्हणजे चपटं, उतरतं डोकं आणि ॲलन म्हणजे षटकोनी चावीची खाच. मात्र तिथे हमखास होणाऱ्या चुंबकाच्या परीक्षेवर विसंबू नका. ३०४ आणि ३१६ दोन्ही मुळात चुंबकाला चिकटत नाहीत, आणि थंड अवस्थेत घडवलेला ३०४ चा चांगला स्क्रूही थोडा चिकटू शकतो. चुंबकाने साधं लोखंड ओळखता येतं, ३१६ नाही. डोक्यावरची खूण बघा. खूण नसेल तर तो स्क्रू ३०४ चा समजूनच चाला.

पण ३१६ घेतला म्हणजे प्रश्न मिटला असं नाही. इथे एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ नावाच्या युद्धनौकेच्या लाकडी तळाला तांब्याचे पत्रे ठोकले, किडे आणि शेवाळ लागू नये म्हणून. ती वेस्ट इंडीजहून परतल्यावर १७६३ मध्ये तळ तपासला, तेव्हा तांबं उत्तम होतं, पण तांब्याला लागून असलेले लोखंडी खिळे खाऊन गेले होते. काही खिळे मात्र शाबूत होते. पत्रे तपकिरी कागदात गुंडाळून आले होते आणि काही जागी तो कागद तसाच आत राहून गेला होता. जिथे कागद होता तिथे लोखंड वाचलं. व्होल्टाची बॅटरी यायला तेव्हा अजून सदतीस वर्षं होती, त्यामुळे यामागची वीज कोणाला दिसणं शक्यच नव्हतं. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हींनी १८२४ मध्ये त्याच विजेचा उलटा उपयोग करून तांब्याचा तळ वाचवायला जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडून दाखवले.

दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि दोन्ही खाऱ्या पाण्यात, एवढं जमलं की बॅटरी तयार होते. त्यातला एक विरघळतो, दुसरा सुखरूप राहतो. समुद्राच्या पाण्यात ॲल्युमिनियम विरघळणाऱ्यांच्या बाजूला आहे. स्टेनलेस आणि टायटॅनियम पलीकडे, आणि कार्बन फायबर त्यांच्याही पुढे. बहुतेकांना कार्बन हा प्लास्टिकचा भाऊ वाटतो, पण त्याचे धागे वीज वाहून नेतात. त्यामुळे कार्बनचा मास्ट आणि ॲल्युमिनियमचा फ्युझलाज ही जोडी सांभाळून वापरावी लागते. कार्बनचं मोठं क्षेत्रफळ सगळी झीज ॲल्युमिनियमच्या लहानशा उघड्या जागेवर टाकतं. ॲल्युमिनियमवर मुद्दाम चढवलेला ऑक्साइडचा, म्हणजे ॲनोडायझिंगचा, थर वीज अडवतो, पण स्क्रू फिरतो तिथेच, म्हणजे आट्यांवर, तो सगळ्यात आधी घासला जातो.

असा अडकलेला स्क्रू निघाला तर आट्यांकडे नीट बघा. खोबणीत पांढरी, खडूसारखी भुकटी ठासून भरलेली दिसेल. ते ॲल्युमिनियमचं हायड्रॉक्साइड. मूळ धातूपेक्षा ते जास्त जागा व्यापतं, म्हणून स्क्रू जणू सिमेंटमध्ये बसवल्यासारखा होतो. स्क्रू स्वतः चकचकीत असतो. झीज झालेली असते ती ॲल्युमिनियमची.

यावरचा उपाय ‘अलार्म’च्या कागदाचाच आहे, फक्त रूप वेगळं. टेफ-जेलसारखी टेफ्लॉनची पेस्ट, ड्युरालॅक किंवा मेंढीच्या लोकरीतून निघणाऱ्या लॅनोलिनचं ग्रीज आट्यांत भरलं की पाण्याला आत जागा उरत नाही आणि धातूंचा स्पर्शही कमी होतो. आटे पूर्ण माखले पाहिजेत, टोकाला टिकली लावून भागत नाही. डोक्याखालच्या उतारावरही लावा. स्क्रू अडकू नये म्हणून गॅरेजमध्ये लावतात ते तांब्याचं किंवा ग्रॅफाइटचं अँटी-सीझ ग्रीज इथे चुकूनही नको. ॲल्युमिनियमच्या आट्यांत आपल्या हातांनी बॅटरी भरल्यासारखं होईल. काही जण आटे धरून ठेवणारा निळा चिकट द्रव, लॉक्टाइट २४३, वापरतात. स्क्रू सुटू नये म्हणून ते ठीक आहे, पण ते आणि पेस्ट एकत्र चालत नाहीत. दर खेपेला फॉइल उघडणार असाल तर पेस्टच बरी.

टायटॅनियमची हौस बऱ्याच जणांना असते. समुद्राच्या पाण्याने ते जवळजवळ गंजतच नाही आणि स्टेनलेसच्या जेमतेम निम्म्याहून थोडं जास्त भरतं. पण चार एम-८ स्क्रूंमागे वजन वाचतं ते वीसेक ग्रॅम. आणि ॲल्युमिनियमसाठी टायटॅनियम स्टेनलेसइतकंच वाईट शेजारी आहे, पेस्ट त्यालाही लागतेच. शिवाय टायटॅनियमवर टायटॅनियम किंवा स्टेनलेसवर स्टेनलेस घासलं की पापुद्रा सोलून धातूला धातू चिकटतो आणि स्क्रू अर्ध्यावर कायमचा बसतो. टी-नट पितळेचे असतील तर हा धोका खूपच कमी. पितळ मऊ, त्यामुळे झिजतो तो नट, आणि नट बदलणं सोपं. मला पितळेचे नट आणि ए-४ चे स्क्रू ही साधी जोडीच सर्वांत शहाणपणाची वाटते.

मापात चूक होते ती बहुधा लांबीत. चपट्या, उतरत्या डोक्याच्या सीएसके स्क्रूची लांबी डोक्यासकट मोजतात, बाकीच्या स्क्रूंची डोक्याखालून. आखूड स्क्रू दोन-तीन आट्यांवर लटकतो. पोलादी किंवा पितळी नटात निदान स्क्रूच्या जाडीइतके, ॲल्युमिनियममध्ये दीडपट ते दुप्पट आटे धरले पाहिजेत. लांब स्क्रू त्याहून घातक. तो टी-नटातून पार जाऊन ट्रॅकच्या तळाला टेकतो. हाताला वाटतं आवळला, पण पट्टी ढिलीच असते. आणखी पिळलं की टोक तळ फोडून आतल्या फोमपर्यंत जातं आणि बोर्ड पाणी पिऊ लागतो. नवा स्क्रू घेतला की तो आधी पट्टी आणि नटातून बाहेर घालून पाहावा, किती पुढे येतो ते ट्रॅकच्या खोलीशी ताडावं.

उताराचा कोनही बघा. मेट्रिक सीएसके डोकं ९० अंशांचं, अमेरिकी इंची ८२ चं. चुकीचं डोकं खाचेत फक्त एका कडेवर टेकतं, तिथेच पट्टी चिरडते आणि दाब काही दिवसांत उतरतो. इंची ५/१६ चा स्क्रू एम-८ सारखाच दिसतो, नटात एक-दोन आटे जातोही, मग अडतो. तिथे जोर लावला की आटे गेले. नवा स्क्रू आधी बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे.

एम-८ सीएसके ॲलनला ५ मिलिमीटरची चावी लागते, तर उभ्या, दंडगोल डोक्याच्या एम-८ ला ६ ची. म्हणजे सीएसकेची खाच लहान आणि उथळ, म्हणून ती लवकर गोल होते. १९६७ मध्ये आलेल्या टॉर्क्सच्या चांदणीसारख्या खाचेत चावीचा जोर कोपऱ्यांऐवजी सरळ भिंतींवर पडतो, त्यामुळे ती जास्त टिकते. पर्याय असेल तर टॉर्क्सच घ्यावा. चावी लावण्याआधी खाचेतली वाळू टाचणीने काढा, नाहीतर चावी अर्धीच बसते आणि घसरते. घासलेली चावी सरळ फेकून द्या, ती प्रत्येक नवा स्क्रू खराब करते.

पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, पण नुसतं वरून धुऊन भागत नाही. आट्यांमधलं खारं पाणी तिथेच राहतं, आतला ऑक्सिजन संपतो, स्टेनलेसचा पापुद्रा पुन्हा धरत नाही आणि बंद फटीत आम्ल तयार होतं. ३१६ चा स्क्रूही असा आतून खाल्ला जातो. सुकवून ठेवलं तरी सुटका नाही, कारण हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतः पाणी ओढून घेतं, आणि कोकणात पावसाळाभर हवा त्याहून दमट असते. म्हणून फॉइल आठवडाभर वापरायचं नसेल तर सगळे भाग सुटे करा, आटे जुन्या टूथब्रशने घासा, नवी पेस्ट लावा. डोक्यावर तांबूस खड्डे किंवा आट्यांवर चीर दिसली की तो स्क्रू बाद.

अडकलाच तर घाई करू नका. भेदक तेल घालून रात्रभर ठेवा. ॲल्युमिनियम उष्णतेने स्टेनलेसपेक्षा जास्त प्रसरण पावतं, म्हणून ॲल्युमिनियमच्या मास्टवर उकळतं पाणी ओतलं की भोक काही मायक्रॉननी मोठं होतं, भुकटीची पकड तडकायला ते पुरतं. कार्बनवर गरम काही वापरू नका. त्याचे धागे धरून ठेवणारं इपॉक्सी मऊ पडतं. मग नवी कोरी चावी हलक्या हातोडीने खाचेत ठोकून बसवा आणि आधी थोडं आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या दिशेने फिरवा. खाच गोल झालीच तर उलट्या फिरणाऱ्या ड्रिलने मधोमध छिद्र पाडत जावं लागतं, आणि ते वर्कशॉपमध्ये करून घेतलेलं बरं. आटे गेलेल्या भोकात हेलिकॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, बसवून नवे आटे करता येतात. ते बसवताना बाहेरच्या बाजूलाही पेस्ट लावायला सांगा, कारण हेलिकॉइलही स्टेनलेसचंच असतं.